मागच्या खोलीचा विमा

वेतवाल्या ताईंना माणूस चेहऱ्यापेक्षा त्याच्या खुर्चीवरून लवकर कळायचा. जाळी डावीकडे खचली असेल तर बसणारा दिवसभर एका हातावर रेलून वाचणारा. पुढून तुटली असेल तर सदा घाईत. आणि बरोब्बर मध्ये गोल खड्डा पडला असेल तर माणूस सुखी, त्याला उठायची इच्छाच नाही. गल्लीतल्या निम्म्या घरांच्या खुर्च्या ताईंच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे कोण किती रेलतो हे त्यांना तोंडपाठ होतं. पण कुणाची उणीदुणी काढायची सवय नव्हती. खुर्ची विणायची, पैसे घ्यायचे, विषय संपला.

घर अरुंद, दुमजली. खाली रस्त्याच्या बाजूला विणकामाची खोली, तिच्या मागे पॉलिशची खोली, वर राहायची जागा. आईवडिलांच्या वेळी आई वेत विणायची आणि वडील लाकडाला पॉलिश करायचे. आई गेली तेव्हा वेत ताईंच्या हातात आला, आणि वेताबरोबर तीन वर्षांचा भाऊही आला. तो ताईंहून सतरा वर्षांनी लहान. गल्ली त्याला धाकटा म्हणायची, तेच नाव पडलं. ताईंनी त्याला एका हाताने भरवलं आणि दुसऱ्या हाताने वेत ओढला. या गडबडीत स्वतःचं लग्न राहून गेलं. "राहून गेलं" असंच त्या सांगत, बाजारातून साबण आणायचा राहावा तसं.

वडील गेले तेव्हा धाकटा पंधराचा होता. पॉलिशचा बोळा त्याने उचलला आणि तीन वर्षं असा चालवला की जुनी गिऱ्हाइकं टेबलात स्वतःचं तोंड बघून जात. मग अठराव्या वर्षी त्याला एका दूरच्या देशातल्या फर्निचरच्या कारखान्यात दोन वर्षांचं काम मिळालं. जाताना त्याने स्पिरिटच्या आणि लाखेच्या डब्यांची झाकणं हातोडीने ठोकून घट्ट बसवली, बोळे धुऊन दोरीवर टाकले आणि म्हणाला, "ताई, इथलं काही हलवू नकोस. दोन वर्षांत आलो की दुसऱ्या दिवशी काम सुरू."

त्याला अकरा वर्षं झाली. दोनाची चार झाली तेव्हा करार वाढला होता. चाराची सात झाली तेव्हा मालक बदलला होता. पुढे कारण सांगायचंही त्याने सोडून दिलं आणि ताईंनी विचारायचंही. फोन आधी आठवड्याला यायचा, मग महिन्याला, मग "अगं विसरलोच" म्हणत कधीतरी. ताई दर शनिवारी पॉलिशच्या खोलीत जात, डब्यांवरची धूळ पुसत आणि दार लावून घेत. एकही झाकण त्यांनी कधी उघडलं नाही. धाकट्याने ठोकलंय, धाकटाच काढील, इतका साधा हिशेब होता.

त्या वर्षी विम्याचं पत्र आलं.

घराचा विमा वडिलांनी उतरवला होता. वर्ष संपायच्या महिनाभर आधी कंपनीचं पत्र यायचं, ताई हप्ता भरायच्या, पत्र डब्यात टाकायच्या. पत्रात काय लिहिलंय ते वाचायच्या भानगडीत त्या पडल्या नव्हत्या. या खेपेला मात्र आकडा त्यांनी दोनदा वाचला. एकदम दीडपट! उजव्या अंगठ्याने गेल्या वर्षापासून असहकार पुकारला होता, दिवसाला एक खुर्ची व्हायची तिथे तीन दिवसांना एक होत होती, आणि लोक प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन मोकळे होत होते. तेवढा हप्ता भरायचा तर वर्षभराचा वेत कशाने घ्यायचा? आणि विमा सोडायचा तर जिवाला घोर. खाली सुका वेत, वर लाकडी जिना. मागच्याच वर्षी पलीकडच्या गल्लीत एका इस्त्रीच्या दुकानाला आग लागली होती आणि शेजारच्या दोन घरांच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या.

ताईंनी कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवून झाल्यावर एका बाईंचा मधाळ आवाज आला.

"आपण आमच्या बत्तीस वर्षं जुन्या ग्राहक आहात, मॅडम."

"हो ना. मग जुन्या ग्राहकाला सूट देतात की दंड करतात?"

"सगळीकडेच दर वाढलेत, मॅडम."

"सगळीकडे म्हणजे कुठे?"

बाईंनी पुन्हा गाणं लावलं. ताईंनी फोन ठेवला आणि चपला घातल्या.

चौकात, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, एक मुलगी चार-पाच कंपन्यांचे विमे विकत असे. तिशीची, चष्मा, समोर कागदांचा ढीग. ताईंनी आधी तिची खुर्ची पाहिली. प्लास्टिकची. यावरून काहीच कळेना, त्यामुळे ताई जरा सावधच बसल्या. पण विमेवाली कामाची निघाली. तिने जुनी पॉलिसी पहिल्या पानापासून वाचली. बत्तीस वर्षांत ती वाचणारी बहुधा पहिलीच.

"ताई, तुमच्या घरात स्पिरिट किती आहे?"

"का हो?"

"यात लिहिलंय, मागच्या खोलीत पॉलिशचं काम चालतं, स्पिरिट आणि लाख मिळून चाळीस लिटरचा साठा. तुमच्या हप्त्याचा जवळजवळ निम्मा भाग या एका ओळीचा आहे. काम चालतं ना?"

"चालायचं," ताई म्हणाल्या. "भाऊ करतो."

"कुठे असतो भाऊ?"

"बाहेर. येणार आहे."

"कधी?"

या प्रश्नाला ताईंकडे अकरा वर्षं उत्तर नव्हतं, पण कुणी तो इतक्या सरळ विचारलाही नव्हता. त्या म्हणाल्या, "तुम्ही एकदा घर बघून जा."

दुसऱ्या दिवशी विमेवाली आली. विजेच्या तारा, कुलपं, जिना, छप्पर, सगळ्याचे फोटो काढले. पॉलिशच्या खोलीत आल्यावर तिने एक डबा हलवून पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. ताईंना न विचारता कोपऱ्यातला स्क्रूड्रायव्हर घेऊन तिने एक झाकण उचकटलं. ताई "अहो, अहो" म्हणेपर्यंत झालंसुद्धा.

तळाशी तपकिरी पापुद्रा होता, चिखल वाळून भेगा पडाव्यात तसा. बाकी डबा कोरडा. दुसऱ्यातही तेच. स्पिरिटच्या कॅनमध्ये तर पापुद्राही नव्हता.

"उडून गेलं, ताई," विमेवाली म्हणाली. "झाकण कितीही घट्ट लावा, ते राहत नाही. या डब्यांत काही नाहीये."

"पण मी दर शनिवारी पुसते," ताई म्हणाल्या. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं.

विमेवालीला हसू आलं होतं, पण तिने ते गिळलं. शहाणी होती. खाली बसून तिने समजावून सांगितलं. एक दुसरी कंपनी निम्म्याहून थोडा जास्त हप्ता घेऊन घर, सामान, वेत, सगळ्याला विमा द्यायला तयार होती. अट एकच. त्या खोलीतलं सामान काढायचं आणि एका कागदावर सही करायची: या घरात पॉलिशचं काम होत नाही आणि यापुढे होणार नाही.

"यापुढे कशाला?" ताईंनी विचारलं. "नुसतं 'होत नाही' लिहिलं तर?"

"चालत नाही. आणि खोटं लिहूनही चालणार नाही, ताई. उद्या काही झालं आणि कागदात एक जरी खोटी गोष्ट सापडली, तर कंपनी हात वर करते."

"मी खोटं कशाला लिहीन? इतकी वर्षं खरं लिहीत आलेय."

"इतकी वर्षं तुम्ही रिकाम्या डब्यांचे पैसे भरत आलात," विमेवाली मऊ आवाजात म्हणाली. "शुक्रवारी जुना विमा संपतो. तोवर सांगा."

ती गेल्यावर ताई विणायला बसल्या आणि चुकीच्या भोकातून वेत ओवत राहिल्या. दोनदा उसवलं. पैसे गेल्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. पण 'यापुढे होणार नाही' हे शब्द आपल्या हाताने लिहून खाली सही करायची, म्हणजे धाकट्याच्या तोंडावर दार लावायचं. तो आला तर करणार काय या घरात? येऊन बसेल कुठे? अकरा वर्षं त्यांना कुणी "वाट बघता का?" म्हणून विचारलं असतं तर त्या हसून "छे हो" म्हणाल्या असत्या. आणि अकरा वर्षं त्यांनी दुसरं काहीच केलं नव्हतं. दुपारी दार वाजलं की अजून त्यांचा हात थांबायचा. जिन्यावर दोन-दोन पायऱ्या चढल्याचा आवाज त्यांना अजून ऐकू यायचा, आणि जिन्यावर कुणी नसायचं. त्याला एकदा समोर बसवून पोटभर बघावं, बस्, याहून जास्त त्यांना काही नको होतं, आणि नेमकं तेवढंच मिळत नव्हतं.

बुधवारी दुपारी, त्याच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ साधून, त्यांनी फोन लावला.

"ताई? काय झालं?" धाकट्याचा आवाज घाबरलेला.

"काही नाही रे. फोन करायला काही व्हायलाच पाहिजे का? जेवलास?"

"जेवतोच आहे. बोल ना."

ताईंनी सगळं सांगितलं, पत्र, विमेवाली, डबे, सही. सांगताना त्या मनातल्या मनात एकच म्हणत होत्या, नको म्हण. ताई, सही नको करू, मी येतोय, म्हण. नुसतं म्हण, नाही आलास तरी चालेल.

"अगं मग कर की सही!" धाकटा म्हणाला. "वेडी आहेस का? अकरा वर्षं त्या खोलीचे पैसे भरतेयस?"

"तूच म्हणाला होतास, काही हलवू नकोस."

पलीकडे चमच्याचा आवाज थांबला.

"ताई, मी पॉलिशचं काम सोडलं. पाच वर्षं झाली."

"सोडलं म्हणजे?"

"हातांची सालं निघायला लागली. डॉक्टर म्हणाले स्पिरिटला हात लावायचा नाही. मी आता पॅकिंगला असतो. खोकी बांधतो, लेबलं लावतो. बरं आहे तसं."

"पाच वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार? तू प्रत्येक फोनला विचारायचीस, तिथे कुठली लाख वापरतात, बोळा कसा धरतोस. मग मी सांगत राहिलो काहीबाही. म्हटलं, ताईला वाटतंय मी येऊन दुकान चालवणार, वाटू दे. आणि काम करता येत नाही म्हटल्यावर मी तिकडे येऊन तरी काय करू? तुझ्या जिवावर बसून खाऊ?"

ताईंच्या ओठांवर आलं होतं, बस ना. बसून खा. अरे, तुला भरवण्यातच माझी निम्मी जवानी गेली, आता काय जड होणार आहेस? पण त्यांना असलं कधी बोलता आलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "हाताला काय लावतोस?"

"मलम आहे."

"लावत जा. ठेवते, तुझं जेवण निवतंय."

फोन ठेवून त्या तिथेच रडल्या, समोरच्या खुर्चीच्या अर्धवट जाळीवर. मग पदराने तोंड पुसून त्यांनी स्वतःलाच सांगितलं की विणायला वेत ओला लागतोच, काही वाया गेलं नाही.

गुरुवारी सकाळी भंगारवाला आला आणि डबे, कॅन, दोरी, सगळं घेऊन गेला. बोळे तेवढे ताईंनी ठेवून घेतले. धुतलेलं कापड आहे, पुसायला होईल, असं त्या भंगारवाल्याला म्हणाल्या. त्याने काही विचारलं नव्हतं. खोली झाडून, फरशी घासून झाली तेव्हा ती एवढी मोठी दिसायला लागली की ताईंना तिच्यात उभं राहवेना. त्या कागद घेऊन चौकात गेल्या आणि विमेवालीसमोर सही केली. सहीपेक्षा तो 'यापुढे' लिहायलाच जास्त वेळ लागला.

"झालं," विमेवाली म्हणाली. "आता फक्त एक रकाना. त्या खोलीचा वापर काय लिहू?"

"रिकामी आहे."

"रिकामी नको लिहायला. रिकाम्या खोलीवर कंपनी छप्पन्न प्रश्न विचारते, उद्या भाडेकरू ठेवाल, गोदाम कराल. झोपायची खोली लिहू?"

"तिथे कुणी झोपत नाही."

"अहो, खाट टाकली की झाली झोपायची खोली. सगळे तसंच लिहितात."

"पण खाट नाहीये," ताई म्हणाल्या.

"टाका मग कधीतरी. मी लिहून टाकते."

"थांबा!" ताईंनी तिचा हातच धरला. "तुम्हीच म्हणालात ना, एक जरी गोष्ट खोटी सापडली तर कंपनी हात वर करते? मग आधी खाट, मग तुमचा रकाना. उद्या दुपारपर्यंत थांबा. विमा उद्यापर्यंत आहे ना?"

विमेवालीने पेन खाली ठेवलं. आयुष्यात तिने पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली होती, पण विम्यासाठी खाट बनवायला निघालेलं हे पहिलंच. "उद्या दुपारी चार," ती म्हणाली. "त्याच्या पुढे नाही."

ताई तशाच सुताराकडे गेल्या. सुतार वडिलांच्या वेळचा, ताईंना खुर्च्यांचे सांगाडे तोच द्यायचा. खाट म्हटल्यावर त्याने फळ्या बाजूला सारल्या.

"उद्या सकाळी सांगाडा देतो. दुपारी जाळी विणून होईल तुझी? अंगठा दुखतो ना?"

"अंगठ्याचं मी बघते. साधी मोकळी विण घालीन."

"तुझ्यासाठी की पाहुण्यांसाठी?"

"धाकट्यासाठी," ताई म्हणाल्या. विम्यासाठी असं म्हणायचं ठरवून आल्या होत्या, आणि तोंडातून भलतंच गेलं.

सुताराचे हात थांबले. "येतोय?"

"कुठे काय. पण खाट नको का?"

म्हाताऱ्याने एक लांब फळी ओढली. कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, "लांबी किती धरू? उंची किती त्याची?"

ताईंनी हात स्वतःच्या कानापाशी धरला. अठराव्या वर्षी तो त्यांच्या कानाला लागत होता. पण त्या घरातले पुरुष उशिरा वाढणारे, वडील म्हणे बाविसाव्या वर्षापर्यंत उंच होत होते. फोटो येत ते छातीपर्यंतचे, फोनवर दिसायचा तो नुसता चेहरा. तीन वर्षांच्या पोराला अंगाखांद्यावर वाढवलं, त्याच्या चपलांचं, सदऱ्यांचं, शाळेच्या बाकाचंसुद्धा माप त्यांना पाठ होतं, आणि एकोणतीस वर्षांचा तो माणूस उभा राहिला तर केवढा दिसतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. सुताराच्या दुकानात, भुशात उभं राहून, त्यांनी लागोपाठ दुसऱ्या दिवशी फोन लावला. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"तुझी उंची किती रे?"

"काय?" मागे यंत्रांचा आवाज होता. "ताई, कामावर आहे. उंची कशाला?"

"विम्याला लागते."

"विम्याला माझी उंची लागते?"

"एवढं सांग ना! इथे सुतार खोळंबलाय."

ते शब्द निसटून गेले आणि ताईंनी जीभ चावली. पलीकडे यंत्रांचा आवाज हळूहळू लांब गेला, आणि एक दार लागल्याचं ऐकू आलं. ताईंना वाटलं, फोन कटला.

"पाच फूट अकरा," धाकटा म्हणाला. "पण ताई, त्याला सांग साडेसहा फूट धर. मी पाय लांब करून झोपतो."